एका वाक्यात काय मागायचं?

संसदेकडे पाठवायच्या अर्जातली मागणी एकाच वाक्यात लिहायची आहे, असं मी म्हटलं आणि पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या कट्ट्यावर पाऊण तास वादावादी झाली.

मे २०२३. आम्ही नऊ-दहा जण रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे. सगळे खासगी कारखान्यांतून नाहीतर कचेऱ्यांतून निवृत्त झालेले आणि सगळे ईपीएस-९५चे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शनर. भोसरीतल्या एका कंपनीत आधी टायपिस्ट आणि मग अकाउंट्समध्ये, अशी मी तीस वर्षं काढली. २०१३मध्ये निवृत्त झाले तेव्हा पेन्शन दोन हजारांच्या जराशी वर बसली. आजही तेवढीच येते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५पासून लागू झाली. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम तिच्यात जाते, पण ठरावीक पगारमर्यादेपर्यंतच. आमच्या वेळी ती मर्यादा ६,५०० रुपये होती. १९९५नंतरच्या नोकरीचा हिशेब असा, की पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जो आकडा बसला, तोच शेवटपर्यंत.

मोल्डिंग शॉपमधून निवृत्त झालेल्या आबांना तेराशे रुपये मिळतात. आमच्या चाळीमागे राहणाऱ्या एक ताई आहेत, त्यांचे यजमान गेल्यावर त्यांना हजार रुपये येऊ लागले. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४पासून हजार रुपये झाली, म्हणून हजार. गॅस सिलिंडर आणला की त्यातलं काय उरतं, ते त्या बोटांवर मोजून दाखवतात.

तर कट्ट्यावर त्या दिवशी अकरा मागण्या निघाल्या. किमान पेन्शन, महागाई भत्ता, औषधपाणी, प्रत्यक्ष पगारावर मोजलेली जादा पेन्शन, विधवांना पूर्ण पेन्शन, पीएमपी बसचा मोफत पास आणि आणखी बरंच काही. प्रत्येकाची मागणी खरी होती. कुणाची काढायची?

संसदेकडे नागरिकाला थेट अर्ज करता येतो, हे मला कळलं ते आमच्यातल्या एका निवृत्त सुभेदारांमुळे. समान पद, समान पेन्शन हा माजी सैनिकांचा प्रश्न राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला होता. भगतसिंग कोश्यारी त्या समितीचे अध्यक्ष होते आणि डिसेंबर २०११मध्ये समितीने आपल्या १४२व्या अहवालात सैनिकांची मागणी मान्य करा असं सांगितलं. योजना प्रत्यक्षात आली २०१५मध्ये, तीही मोठ्या आंदोलनानंतर. पण सुभेदार म्हणायचे, "आमचं म्हणणं संसदेच्या कागदावर एकदा चढलं ना, मग ते कुणाला पुसता आलं नाही." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

'याचिका' या शब्दानेच पहिली अडचण केली. आपल्याकडे याचिका म्हणजे कोर्ट. ज्याला सांगू तो विचारायचा, वकील कोण दिलाय, फी किती? मुंबईच्या विधिमंडळात याच कामासाठी जी समिती आहे तिचं नाव 'विनंती अर्ज समिती', आणि तो शब्द ऐकताक्षणी कळतो. पण आमचा विषय राज्याचा नव्हता. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२चा, केंद्राचा, आणि पेन्शन योजना त्याच कायद्याखालची. म्हणजे दिल्लीच गाठायला हवी होती. मी मग सगळ्यांना "संसदेला विनंती अर्ज" एवढंच सांगायला लागले.

लोकसभेचे कामकाजाचे नियम संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. भाचीकडून छापून घेतले आणि नियम १६० व त्यापुढचे पेन्सिलने खुणा करत वाचले. मी आयुष्यभर इतरांची पत्रं टाइप केली, त्यामुळे नमुना कसा पाळायचा हे मला ठाऊक आहे. सभागृहापुढच्या विधेयकावर अर्ज करता येतो, सभागृहापुढे असलेल्या इतर कामावर करता येतो, आणि सार्वजनिक हिताच्या कोणत्याही विषयावरही करता येतो. पण या तिसऱ्या दाराला कड्या आहेत. विषय न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कक्षेतला नको, एरवी राज्याच्या विधिमंडळात मांडायचा असतो तसला नको, आणि ज्यावर कायद्यात आधीच इलाज आहे असाही नको.

या कड्यांनीच आमची यादी चाळून काढली. जादा पेन्शनवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ला आला होता आणि त्याप्रमाणे अर्ज भरणं चालू होतं, म्हणून तो मुद्दा गळला. पीएमपीचा पास पुण्याचा विषय, तोही गळला. ज्यांनी पास सुचवला होता ते काका दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले, नियम उघडून दाखवला. "वाचून दाखवलंस म्हणून पटलं," म्हणाले. पुढे सह्या गोळा करण्यात सर्वांत जास्त पायपीट त्यांचीच झाली.

अर्जाच्या शेवटी मागणी नेमकी आणि निश्चित हवी, असा नियम आहे. नियमाच्या भाषेत त्या भागाला 'प्रार्थना' म्हणतात. आणि नमुन्यातली अगदी शेवटची ओळ अशी की, आपले अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करत राहतील. मी ती वाचली आणि आबा उठून उभे राहिले. "भट्टीसमोर उभं राहून कमावलंय. प्रार्थना देवाची करतो मी, सरकारची नाही. माझी सही धरू नका."

आबांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती ओळ राजाच्या दरबारातून आलेली आहे आणि आपण ती बदललेली नाही. पण त्याच नमुन्यात अर्ज कुणाला उद्देशून लिहायचा आहे? मंत्र्यांना नाही, अधिकाऱ्यांना नाही. सभागृहाला. माझ्यासारखी टायपिस्ट देशाच्या लोकसभेला पत्र लिहिते आणि ते घेऊन तपासणं हे त्या सभागृहाचं नेमून दिलेलं काम आहे. मी आबांना एवढंच म्हटलं, की ओळ त्यांची, मागणी आपली. त्यांनी आठवडा घेतला आणि मग सही केली. सहीखाली कंसात 'मोल्डर' असंही लिहिलं.

आकड्यावरून पुन्हा अडलं. कुणी पाच हजार म्हणे, कुणी नऊ. मी म्हणत होते की आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. तेव्हा शोधता शोधता राज्यसभेच्या याच समितीचा १४७वा अहवाल हाती लागला, २०१३चा. विषय ईपीएस-९५! आमच्यासारख्याच लोकांनी आमच्या दहा वर्षं आधी हाच अर्ज केला होता. समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करा अशी शिफारस केली होती. पुढच्याच वर्षी सरकारने किमान पेन्शन ठरवली, पण ती हजार. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे त्या एका फरकातून कळलं. आणि अर्जाने काहीच होत नाही हे खरं नाही, हेही त्यातूनच कळलं. त्याआधी सगळ्यांना लागू होईल असं किमान काही नव्हतंच. चाळीमागच्या ताईंचे हजार रुपये ज्या वाटेने आले, त्या वाटेवर कुणा अनोळखी पेन्शनरांच्या सह्या आहेत.

मग वाक्य आपोआप तयार झालं: २०१३च्या अहवालात सुचवलेली ३,००० रुपये किमान पेन्शन पायाभूत धरावी, तेव्हापासूनच्या महागाईइतकी ती वाढवावी आणि पुढे महागाई निर्देशांकाशी जोडावी. एक वाक्य. अकरा मागण्यांतून हे उरलं. कट्ट्यावर मोठ्याने वाचलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि आमच्या कट्ट्यावर ही होकाराचीच खूण असते.

आता सादर कोण करणार? अर्ज एखाद्या सदस्याने प्रतिस्वाक्षरी करून सभागृहात मांडता येतो. पण २९ मार्च २०२३ला खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं होतं आणि पुण्याची जागा रिकामी होती. ती २०२४च्या निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. पोटनिवडणूक घ्या असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये सांगितलं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत स्थगिती दिली. एका अख्ख्या मतदारसंघाला वर्षभर लोकसभेत आवाज नाही, याचं दुःख मला त्याआधी कधी कळलं नसतं. हातात कागद होता आणि न्यायचा कुणाकडे ते ठाऊक नव्हतं.

सदस्य आपल्याच मतदारसंघाचा असावा अशी अट नियमात नाही. म्हणून शेजारच्या एका मतदारसंघातल्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण स्वीय सहायकाने चहा दिला आणि म्हणाला, "निवेदन द्या, साहेब फोटो काढतील, आम्ही मंत्र्यांना पाठवतो." निवेदन आणि सभागृहाला केलेला अर्ज यांतला फरक मी सांगितला तेव्हा त्याने वही काढली आणि लिहून घेतलं. प्रतिस्वाक्षरीचं काही जमलं नाही. पण त्याने एक काम मनापासून केलं: आमचा विषय अतारांकित प्रश्न म्हणून पाठवायला लावला.

प्रश्नांचं गणित मी त्याच्याकडूनच शिकले. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तर देण्याचा वार ठरलेला असतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत घेतात, वेळ पुरेल तेवढ्यांना मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० पर्यंत असतात, त्यांचं उत्तर छापील, पटलावर म्हणजे सभागृहाच्या टेबलावर ठेवलेलं. आणि एक फार मोलाची गोष्ट त्याने सांगितली: उत्तरात मंत्री "विषय विचाराधीन आहे" असं म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं. ते पाळलं की नाही हे बघायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. तेव्हापासून मी मंत्र्यांची उत्तरं हिशेबाच्या खात्यासारखी वाचते. कोणत्या ओळीत "विचाराधीन" आहे आणि कोणत्या ओळीत तो शब्द मुद्दाम टाळलाय, ते बघते.

दुसरी वाट होती अर्ज थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवण्याची. मग ते सभागृहाला कळवतात. आम्ही तीच धरली.

सह्यांना अडीच महिने लागले. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, आणि लिहिता येत नसेल तर अंगठा. अप्पर इंदिरानगरात, धनकवडीत, पर्वती पायथ्याला घरोघर गेलो. लोक पाणी द्यायचे, पासबुक आणून दाखवायचे. एका आजोबांचा अंगठा लागेना. चाळीस वर्षं यंत्रावर घासून रेषाच उरल्या नव्हत्या. तीनदा शाई लावली, चौथ्यांदा डाव्या हाताचा घेतला.

पर्वतीच्या पायथ्याशी बसून कागद लावताना मला सार्वजनिक सभेची आठवण व्हायची. २ एप्रिल १८७०ला पुण्यात ही सभा स्थापन झाली, आणि निमित्त होतं याच टेकडीवरच्या पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलची तक्रार. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी एक अट घातली होती. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. आपण कुणाच्या वतीने बोलतो हे आधी दाखवा, मग बोला! पुढे याच सभेने हिंदुस्थानला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी मिळावेत असा अर्ज लंडनला पाठवला. तेव्हा पार्लमेंट दुसऱ्यांचं होतं. आमच्या हातातला कागद आपल्याच संसदेला जाणार होता, आणि त्याच पायथ्याशी बसून मी त्याच्या पानांना क्रमांक घालत होते.

मूळ अर्ज मराठीत लिहिला. ते चालतं, फक्त सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं. शेजारच्या निवृत्त हिंदी शिक्षिकेने ते करून दिलं. ऑगस्टच्या शेवटी जीपीओतून स्पीड पोस्ट केलं.

अर्ज परत आला. चूक पूर्ण आमची होती. जोर यावा म्हणून आम्ही पासबुकांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या आणि अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कागदपत्रं काही जोडायचं नाही असा स्पष्ट नियम आहे. मी तो वाचला होता, खूणही केली होती. तरी जोडल्या, कारण ज्यांनी पासबुक हातात दिलं त्यांना नाही म्हणवलं नाही. शिवाय भाषांतरावर सही नव्हती आणि कितीतरी पत्ते अर्धे होते. "गणपती मंदिरामागे" एवढ्याने टपाल पोचतं, पण नियम पोचत नाही. पुन्हा दारोदार. यात सप्टेंबर-ऑक्टोबर गेले आणि नोव्हेंबरमध्ये अर्ज दुसऱ्यांदा रवाना झाला.

त्या हिवाळ्यात मी संसद टीव्ही रोज लावायचे. लोकसभेची दिवसाची कार्यसूची आदल्या रात्री संकेतस्थळावर येते. ती छापून, डब्याशेजारी ठेवून, मटार सोलता सोलता एकेक ओळ टिपायची. अकरा वाजता प्रश्नोत्तरांचा तास. बाराच्या सुमाराला मंत्री एकापाठोपाठ उठतात आणि कागदपत्रं पटलावर ठेवतात. वार्षिक अहवाल, अधिसूचना, उशीर का झाला त्याचं निवेदन. समित्यांचे अहवाल सादर होतात. मग शून्य प्रहर, म्हणजे सदस्य तातडीचे विषय मांडतात ती वेळ. पुढे नियम ३७७खालचे विषय, कुठल्या तरी गावचा रेल्वेथांबा, कुठल्या तरी पिकाचा भाव, आणि तेही बऱ्याचदा वाचून न दाखवता नुसते पटलावर. बातम्यांत यातलं काहीच दिसत नाही. तिथे गोंधळ दिसतो आणि तोही खरा असतो. त्या डिसेंबरात तर सभागृहात घुसखोरी झाली, दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. पण पटलावर कागद ठेवण्याचा तो कोरडा अर्धा तास मी एकही दिवस चुकवला नाही. देशाचं काम तिथे चाललेलं असतं. एखादी याचिका मांडली जाते तेव्हा सदस्य एक वाक्य बोलतो, अमुक इतक्या लोकांच्या सहीची, अमुक विषयावरची याचिका मी सादर करतो, आणि बसतो. चर्चा होत नाही, नियमच तसा आहे. तिथून ती समितीकडे जाते. लोकसभेच्या समितीत अध्यक्षांनी नेमलेले किमान १५ सदस्य असतात, मंत्री त्यात नसतात. समिती मंत्रालयाला लेखी विचारते, अधिकाऱ्यांना बोलावते, वाटलं तर अर्जदारालाही.

जानेवारीत पोच आली. क्रमांक घातलेलं एक पानी पत्र. मी त्याच्या बारा झेरॉक्स काढल्या. आबांनी त्यांची घडी करून पाकिटात ठेवली.

फेब्रुवारीच्या १० तारखेला सतराव्या लोकसभेची शेवटची बैठक झाली. १३ मेला पुण्यात मतदान झालं, रांगेत मला आमच्या अर्जावरचे निदान सहा सहीवाले भेटले. ५ जूनला राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली. सभागृहात सादर होऊन समितीकडे गेलेल्या याचिकासुद्धा सभागृहाबरोबर संपतात. आमची तर तिथवर पोचलीच नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, नव्याने अर्ज करा.

त्या दिवशी मी कट्ट्यावर गेले नाही. वर्षभराची पायपीट, अंगठे, पत्ते, सगळं एका विसर्जनात गेलं. रागवायचं तरी कुणावर, लोकशाहीचं घड्याळच तसं आहे. संध्याकाळी आबा घरी आले. त्यांनी नियमांची ती छापील पानं मागितली आणि चष्मा लावून बसले. जाताना म्हणाले, "राज्यसभा विसर्जित होत नाही ना कधी?"

होत नाही. तिथेही याचिका समिती आहे, १० सदस्यांची. सैनिकांचा आणि पेन्शनचा, दोन्ही अहवाल तिथूनच आले होते. हे मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि तरी लोकसभा आपल्या मतांची म्हणून तिकडे गेले.

दुसऱ्या वेळी काम भराभर झालं. 'लोकसभेस' काढून 'राज्यसभेस' घातलं, वाक्य तेच ठेवलं. सह्या मात्र पुन्हा घ्याव्या लागतात, जुन्या चालत नाहीत. ज्यांच्या अंगठ्याला रेषा नव्हत्या ते आजोबा मधल्या काळात गेले. मी त्यांच्या घरी जायला धजत नव्हते. शेवटी गेले, तर आजींनी दार उघडलं आणि माझ्या हातातली कागदांची चळत ओळखली. आता पेन्शन त्यांच्या नावावर आली होती, हजार रुपये. त्यांना सही येते, चौथीपर्यंत शिकल्या आहेत. पेन घेऊन त्यांनी विचारलं, "त्यांचा अंगठा कितव्या ओळीत होता गं?"

जुन्या प्रतीत बघून मी सांगितलं, सत्तेचाळिसाव्या. त्यांनी नव्या कागदावर सत्तेचाळिसावी ओळ मोजली आणि तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं, मग पत्ता, पिनकोडसकट.